गावात न उघडणारी साईट

निहालच्या ओठातून रक्त गळत होतं, तरी तो मला सांगत होता, "ताई, सर्व्हर डाऊन आहे."

गावाला नेट पुरवणाऱ्या त्याच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट आडवं पडलं होतं. मॉनिटर फुटून काच खुर्चीभर सांडली होती आणि नेटच्या निळ्या वायरी कोंबडीचं आतडं ओढून काढावं तशा भिंतीतून लोंबत होत्या. डावा हात त्याने मांडीवर धरून ठेवला होता. त्यातली दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती.

"सर्व्हरनं तुझी बोटं मोडली?" मी विचारलं.

तो हसायला गेला आणि कळवळला. "ताई, तू जा इथनं. तुला बघितलं तर राहिलेली पण मोडतील."

"कोण मोडतील?"

"सकाळी थोडा वेळ तुझी साईट चालू केली मी. म्हटलं, ताईच्या भावाची साईट, बंद कशाला ठेवायची? अर्ध्या तासात आले." त्याने ओठ बाहीला पुसला. "मला विचारू नको. सदाअण्णांना विचार. गावातलं नेट त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही."

माझ्या ओढणीने मी त्याचा हात गळ्यात बांधला आणि त्याला व्हॅनमध्ये बसवून डॉक्टरकडे नेलं. रस्ताभर तो एवढंच म्हणत होता, "सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांग, ताई. पडलो म्हणून सांग."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा करंजवड्यात शाळेची व्हॅन चालवत होते. वडील गेले तेव्हा व्हॅन राहिली आणि धाकटा भाऊ राहिला. भाऊ म्हणजे जालिंदर. हसरा, कामाला वाघ, आणि दारू पोटात गेली की कुणाचा नाही. एक दिवस तोच म्हणाला, "शैलाक्का, आता बास. मी तांदळे मास्तरकडं जातो." गावाबाहेर माळावर तांदळेचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. उंच भिंती, निळं फाटक, आत तुळशी लावलेल्या. तांदळे पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा, म्हणून मास्तर. जालिंदर स्वतःच्या पायांनी त्या फाटकातून आत गेला आणि टेम्पोतून बाहेर आला.

"बाथरूममध्ये पाय घसरला," तांदळे म्हणाला. पण भावाला आंघोळ घालताना पाठ मी बघितली होती. तळपाय बघितले होते. बाथरूमच्या फरशीला पट्टे नसतात. पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं आणि विषय मिटवला.

जालिंदरचा वर्गमित्र केतन पुण्यात कॉम्प्युटरमध्ये नोकरीला होता. त्याने एक वेबसाईट काढून दिली. नाव ठेवलं 'जालिंदरसाठी'. मी जे बघितलं ते त्यावर लिहिलं. मग आजूबाजूच्या गावांतली माणसं लिहायला लागली. कुणाचा नवरा त्या केंद्रातून बहिरा होऊन आला होता. कुणाचा पोरगा घरी आल्यावर पट्टा दिसला की खाटेखाली शिरायचा. गावात चर्चा सुरू झाली, बायका मला रस्त्यात थांबवून बोलायला लागल्या.

आणि एका सकाळी साईट उघडेना.

मी केतनला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याकडे चालू आहे." सांगलीच्या मावसबहिणीला विचारलं, तिच्याकडेही चालू. फक्त करंजवड्यात बंद. मोबाईलवरचं नेट तेव्हा गोगलगाईसारखं, सगळं गाव केबलच्या नेटवर. नेट पुरवणारे तिघे. तिघांनीही एकच वाक्य ऐकवलं, "वरून ऑर्डर आहे." मी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. हवालदार चहा पीत होता. म्हणाला, "वरून म्हणजे कुठनं? आमच्याकडं असली काय ऑर्डर न्हाई." तहसीलमध्येही कुणाला काही माहीत नव्हतं.

मग ऑर्डर दिली कुणी? निहालची बोटं मोडली त्या दिवशी मला पहिल्यांदा नाव मिळालं, आणि ते सदाअण्णांचं निघालं.

सदाशिव पाटणे, म्हणजे सदाअण्णा, वडिलांचे जिवलग मित्र. गावात पहिली डिश त्यांनी लावली, पहिली केबल त्यांनी ओढली, आणि तिन्ही नेटवाले त्यांच्याच केबलवर चालायचे. त्यांचं स्वतःचं एक लोकल चॅनेल होतं. सकाळी आरती, दुपारी पिक्चर, खाली वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी. वडिलांना खांदा त्यांनी दिला आणि जालिंदरलाही दिला. हा माणूस माझ्या भावाचं नाव गावातून पुसतोय, यावर माझा विश्वासच बसत नव्हता. निहालला डॉक्टरच्या ताब्यात दिलं आणि मी तडक पेठेत गेले.

दुकानावरच्या माडीवर अण्णांची कंट्रोल रूम होती. वर गेले तर अण्णा मशीनपुढे बसलेले, आणि दाराजवळच्या बाकड्यावर दोन माणसं. एकाला मी ओळखत होते. तांदळेच्या केंद्रातला बबन. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्ताचे बारीक शिंतोडे होते. ते निहालचं रक्त होतं हे मला सांगायला कुणी नको होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "साईट का बंद केली?"

"वरून ऑर्डर आहे," अण्णा म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुणाची? कागद दाखवा."

"शैला, घरी जा."

"नाही जात. हा बाकड्यावर बसलाय, ह्याची ऑर्डर आहे का? ह्या कुत्र्याची?"

बबन उठला. त्याने शांतपणे शर्टाखालून कमरेचा पट्टा ओढला आणि बक्कल मुठीत घेतलं. "अण्णा, हिला आम्ही खाली सोडून येतो," तो म्हणाला.

तो एक पाऊल पुढे आला असेल नसेल, अण्णा ताडकन उठले आणि त्यांनी माझ्या कानाखाली अशी वाजवली की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी दाराच्या चौकटीवर आपटले. त्यांनी मला दंडाला धरलं आणि जिन्याकडे ढकलून दिलं. चार-पाच पायऱ्या मी गडगडत गेले. गुडघा सोलला, दात ओठात घुसला. वरून अण्णांचा आवाज आला, "परत पायरी चढलीस तर तंगडं तोडीन!" आणि मागून बबनचं हसणं.

जन्मात मला वडिलांनी हात लावला नव्हता. मी पेठेतून व्हॅनपर्यंत कशी आले ते आठवत नाही. स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. अंगातून राग असा उसळत होता की वाटलं, गाडी सुरू करावी आणि सरळ त्या दुकानात घालावी.

दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून घरी आले तर ओट्यावर मालनकाकू बसलेल्या. अण्णांची बायको. हातात डबा, वरून फडकं बांधलेलं. मी दार उघडलं आणि तसंच त्यांच्या तोंडावर लावायला गेले. त्यांनी दारात पाय घातला.

"बोल, शिव्या दे, काय करायचं ते कर," काकू म्हणाल्या. "पण आधी हे ऐक. आमचा धैर्या आत आहे."

धैर्यशील त्यांचा एकुलता एक. मला वाटत होतं तो मुंबईला नोकरीला आहे. गावाला त्यांनी तसंच सांगितलं होतं.

"दारू लई वाढली होती. जालूच्या आधीच ठेवला त्याला मास्तरकडं. लाजंनं कुणाला सांगितलं न्हाई." काकूंनी डब्याची गाठ सोडली, परत बांधली. "जालू गेला तेव्हा हे आणायला गेले त्याला. मास्तर सोडंना. म्हणाला, कोर्स पुरा व्हायचाय. मग तुझी साईट निघाली. अन् मग फोन यायला लागला."

"कसला फोन?"

"दिवेलागणीला येतो. पलीकडनं कुणी बोलत न्हाई, शैला. नुसता पट्ट्याचा आवाज. आणि धैर्याचं ओरडणं. आई, आई म्हणून ओरडतो. मग मास्तर एवढंच म्हणतो, अण्णा, आज गावात कुणीतरी साईट उघडली वाटतं."

मी खाली बसले.

"काल निहालनं उघडली," काकू म्हणाल्या. "काल तो ओरडलापण न्हाई. नुसता हुंकार येत होता. जनावराचा येतो तसा."

आम्ही दोघी तशाच उठून पेठेत गेलो. बाकडं रिकामं होतं, साईट बंद आहे म्हटल्यावर पहारा ढिला पडला होता. मला बघून अण्णांनी तोंड फिरवलं. काकूंनी त्यांना धरून माझ्याकडे वळवलं.

"मी हिला सांगितलं," काकू म्हणाल्या.

"काय सांगितलंस?" अण्णांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "काय काय सांगितलंस?"

"फोनचं. दुसरं काय हाय सांगण्यासारखं?"

अण्णांनी श्वास सोडला. तेव्हा मला वाटलं, त्यांना लाज वाटली असेल. ते खुर्चीत बसले आणि ड्रॉवरमधून एक जुना मोबाईल काढला. "दोन फोन मी टेप केलेत," म्हणाले. "ठाण्यात नेऊन ऐकवले. साहेब म्हणाला, पिक्चरमधला आवाज असंल."

"अण्णा," मी म्हटलं, "साहेबानं ऐकून काय झालं? गावानं कुठं ऐकलंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू लोकल चॅनेलच्या मशीनकडे गेली. एकदा उठले, परत बसले. "एकदा वाजवलं की मग परत झाकता येत न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "सगळंच बाहेर येतं."

"येऊ दे की," काकू म्हणाल्या. "पोरगं जिवंत बाहेर येऊ दे."

रविवार ठरला. रविवारी सकाळी केंद्रात नातेवाइकांना फाटकापर्यंत येऊ देत, आतल्यांना लांबून दाखवत. मी व्हॅन घेऊन काकूंसोबत माळावर गेले. फाटकाबाहेर वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक बायका, डबे घेऊन आलेल्या. समोर चहाची टपरी, तिथे टीव्ही लावलेला. आरती संपली. पडदा काळा झाला. मग आवाज सुरू झाला.

आधी कुणाला काही कळलं नाही. सप, सप, सप. ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा. मग त्यात एका माणसाचं ओरडणं मिसळलं. "आई गं! मास्तर, पाया पडतो! आई!" टपरीवाल्याचा हात किटलीवर तसाच राहिला. आणि मग मला जाणवलं की आवाज फक्त टपरीतून येत नाहीये. माळाच्या खाली वसाहत होती, दारं उघडी होती, आणि प्रत्येक घरातून तेच ओरडणं येत होतं. सगळं गाव एका गळ्यातून ओरडत असल्यासारखं. काकूंनी दोन्ही हातांनी कान दाबले होते.

आवाज थांबला आणि अण्णांचा चेहरा पडद्यावर आला. "हा माझा पोरगा धैर्यशील. तांदळे मास्तरच्या केंद्रात आहे. जालिंदर खोताला असंच मारलं. नेटवरची साईट मी बंद केली होती, आता चालू केलीय. ज्यांची माणसं आत असतील त्यांनी..."

मागे दार फुटल्याचा आवाज आला. बबन आणि त्याची माणसं तिथे पोचली होती. पडद्यावर सगळ्या गावाने बघितलं. सळई खाली आली, अण्णांच्या डोक्यातून रक्ताची चिळकांडी उडाली, आणि तो म्हातारा मशीनला मिठी मारून बसला. ते सळईने त्याच्या पाठीवर घाव घालत होते, बोटं उपटून काढायला बघत होते, आणि तो सोडत नव्हता. मग पेठेतली माणसं जिना चढून आत घुसली आणि कॅमेरा कलंडला.

फाटकाजवळ एक बाई किंचाळली. "माझा आत हाय! माझा दत्ता आत हाय!" आणि तिने जेवणाचा डबा फाटकावर भिरकावला. वसाहतीतून माणसं पळत वर येत होती, बनियनवर, अनवाणी, हातात येईल ते घेऊन. फाटकाला धडका बसायला लागल्या. आतून दोघे काठ्या घेऊन धावले, एकाने जाळीतून काठी खुपसून एका बाईचं कपाळ फोडलं. मी व्हॅनमध्ये बसले, "बाजूला व्हा!" म्हणून ओरडले आणि गिअर टाकला. फाटक पहिल्या धडकेत वाकलं, दुसऱ्या धडकेत बिजागरीतून निघालं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तांदळे तुळशीपाशी उभा होता, पांढरे कपडे, गळ्यात शिट्टी. तो खरोखर शिट्टी वाजवत होता, कवायतीला वाजवावी तशी. लोक त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी आतल्या खोल्यांची दारं उघडली आणि टक्कल केलेली, हाडकुळी माणसं बाहेर आली. त्यांनीच त्याला खाली पाडलं. लाथा बसल्याचे धप धप आवाज फक्त, आणि मधूनच शिट्टीचा एक तुटका सूर. मी बघत उभी राहिले. मला थांबवावंसं वाटलं नाही. पोलीस आले तेव्हा त्याचा जबडा मोडला होता आणि एक डोळा गेला होता.

धैर्यशील मागच्या कोठारात सापडला. पोत्यांवर पालथा. पाठीचं मांस दिसत होतं. दोघांनी त्याला उचलून व्हॅनमध्ये मागच्या बाकावर निजवलं, काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मी सांगलीचा रस्ता धरला.

नदीचा पूल ओलांडला आणि तो बोलायला लागला. आवाज खरखरीत.

"शैलाक्का?"

"बोलू नको. पोचतोय आपण."

"बोलू दे. नंतर मला जमायचं न्हाई." तो थांबला, दम खाल्ला. "आत वॉर्डन मारत नव्हते. मास्तर आम्हाला आमच्याआमच्यात मारायला लावायचा. जो मारणार न्हाई त्याला रात्रभर टांगायचा." परत दम. "जालूला मी मारलं, अक्का."

आरशात मला फक्त काकूंचं तोंड दिसत होतं. उघडं.

"पट्टा माझ्या हातात होता. शेवटपर्यंत. अण्णांना ठाऊक आहे. मास्तर त्यांना म्हणाला होता, साईट चालू राहिली तर पोलीस येतील, आणि पोलीस आले तर खून तुझ्या पोरानं केलाय, माझ्याकडं साक्षीदार आहेत. आणि आधी शैलाला सांगतो म्हणाला."

मी ब्रेक दाबला. व्हॅन उसाच्या कडेला गेली आणि थांबली. आता कळलं की साईट का बंद होती. पोराचा मार वाचवायला होतीच. पण अण्णांना सगळ्यात जास्त भीती माझी होती. मला तोंड दाखवायची. काकूंनी फोनचं सांगितलं तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला आठवला.

मी खाली उतरले. सीटखालून चाकाचा पाना कधी काढला माहीत नाही, पण तो माझ्या हातात होता. मागचं दार उघडलं. धैर्या माझ्याकडे बघत होता. डोळे मिटले नाहीत त्याने.

काकू रडल्या नाहीत, मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी पोराचं डोकं हळूच मांडीवरून खाली ठेवलं, आणि म्हणाल्या, "मला हे म्हाईत नव्हतं, शैला. जालूची शपथ. तुझा हक्क हाय. मी तोंड फिरवून बसते. पण काय करायचं ते पटकन कर, आणि मग गाडी चालव."

आणि त्या खरंच उसाकडे तोंड करून बसल्या.

मी पाना उचलला. ट्रक येत होते, जात होते. मग मी तो व्हॅनच्या पत्र्यावर घातला. परत घातला. खिडकी फुटली, काच त्याच्या अंगावर उडाली. दरवाजाचा पत्रा आत जाईपर्यंत मी मारत राहिले, ओरडत राहिले. हात बधिर झाले तेव्हा पाना उसात फेकला, पुढे येऊन बसले आणि गाडी सुरू केली.

अण्णांच्या डोक्याला टाके पडले, उजवा कान कायमचा गेला. दवाखान्यात मी त्यांच्या खाटेजवळून दोनदा गेले. त्यांनी हाक मारली नाही, मीही थांबले नाही. निहालने गावात परत नेट जोडलं, साईट चालू राहिली. तांदळेवर खटला उभा राहिला. धैर्यशीलने आपलं नाव स्वतःहून पोलिसांना सांगितलं आणि माफीचा साक्षीदार झाला. लोक मला विचारायचे, तू त्याला माफ केलंस का? नव्हतं केलं. आजही नाही म्हणेन. पण त्याची साक्ष होती त्या दिवशी मी कोर्टात गेले आणि पुढच्याच बाकावर बसले.

तो काठी टेकत पिंजऱ्यात आला. सरकारी वकिलांनी विचारलं, "जालिंदर तुम्हाला काही म्हणाला का, त्या वेळी?"

धैर्यशीलने माझ्याकडे बघितलं. माझी हरकत आहे का ते विचारत होता बहुतेक. मी नको म्हणून मान हलवली नाही.

"म्हणाला," तो म्हणाला. "मध्येच माझा हात थांबला. मास्तरनं दोरी आणायला सांगितली, मला टांगायला. तेव्हा जालूनं मान वळवली. म्हणाला, धैर्या, थांबू नको. तुझी आई वाट बघत असंल."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर बघितलं.

"मग तुम्ही काय केलं?"

"मग," धैर्यशील म्हणाला, "मी थांबलो न्हाई."